डोंगरे भाऊजींची डबल डेकर

डोंगरे भाऊजींना सैल काही खपायचं नाही. आमच्याकडे चहाला आले की कपाला हात लावायच्या आधी खुर्चीचा हात हलवून बघायचे. "ढिला हाये," असं जाहीर करायचे आणि शर्टाच्या खिशातून पाना काढायचे. खुर्ची झाली की कुकरची मूठ, मग मोरीच्या दाराची कडी, मग अंगणात जाऊन आमच्या ह्यांच्या सायकलचं मडगार्ड. तोवर चहा निवून जायचा आणि मला तो परत गरम करावा लागायचा. आमच्या घरात त्यांनी न आवळलेली एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे माझ्या सासूबाईंची कवळी, आणि तीसुद्धा त्यांनी एकदा "पाहू बरं" म्हणून मागितली होती.

भिलाईला आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. पोलादाच्या प्लांटचे क्वार्टर तसेच होते. दोन घरांत मिळून एक भिंत, मागे व्हरांडा, लहानसं अंगण आणि अंगणामागे गल्ली. भिंत एवढी पातळ की इकडे मिरचीची फोडणी दिली की तिकडे शिंका. आम्ही वर्ध्याकडचे, ते भंडाऱ्याकडचे. ते प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये मेकॅनिकल मेंटेनन्सला चार्जमन होते. उंच, थोडे वाकलेले, खांद्यावर कायम एक पंचा. जन्मभर मिलच्या धडधडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की घरात त्यांनी मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. जमवून बघितलं की घोगरा आवाज निघायचा आणि तो आणखी लांब जायचा.

त्यांची बायको कमलताई. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली कमलताईंची शिवणाची मशीन. पण गल्लीत त्यांचं नाव होतं ते धुण्यासाठी. नीळ किती, कांजी किती, याचं त्यांचं माप हातात होतं. आमच्याकडे धुणं वाळत घालायचं म्हणजे आधी वारा बघायचा. वारा प्लांटकडून असला की तासाभरात पांढऱ्या कापडावर काळपट धूळ बसणार. कमलताई दारात उभ्या राहून नाक वर करायच्या आणि सांगायच्या, "आज नोका टाकू वहिनी, वारा इकडचाच हाये." त्यांच्या चादरी दोरीवर अशा लागलेल्या असत की कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ. आमच्या चादरी त्यांच्या शेजारी वाळत घालायची मला लाज वाटायची, म्हणून मी माझी दोरी पलीकडच्या खांबाला बांधून घेतली होती.

अशा बाईला पंचेचाळिशीच्या आत लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, आवाज अगदी बारीक राहिला. एकुलता मुलगा दूर नोकरीला. भाऊजी ओरडून विचारायचे आणि उत्तरासाठी तिच्या तोंडाशी कान नेऊन वाकून उभे राहायचे. दिवसातून कितीदा तरी तो माणूस तसा वाकलेला दिसायचा.

खाणं, औषध, मालिश हे सगळं मार्गी लागलं. अडलं ते चादरींपाशी. कमलताईंना लघवीचा ताबा राहिला नव्हता. रोज दोन-तीन चादरी. भाऊजी ड्यूटीवरून आले की पंचा कमरेला गुंडाळून मोरीत बसायचे. कामवालीला सांगू का म्हणून मी विचारलं. मी स्वतः धुते, असंही म्हटलं. कमलताईंनी डावा हात हलवला. भाऊजींनी वाकून ऐकलं आणि मला मोठ्याने सांगितलं, "नाही म्हनते वहिनी. तिच्या चादरी दुसऱ्या कोनाच्या हातात जाऊ द्यायच्या नाहीत." एवढं बोलून परत मोरीत गेले.

पण धुतलेलं वाळवणार कुठे? दोरीवरच. आणि दोरी सगळ्या गल्लीची. एका दुपारी पलीकडच्या दोघीजणी बोलत चालल्या होत्या. "आज फिर तीन टँगी हैं," एक म्हणाली. "बेचारी," दुसरी म्हणाली. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण कमलताईंची खाट खिडकीला लागून होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं बंद केलं.

ते कोणालाच कळलं नाही. भाऊजी पेला भरून ठेवून ड्यूटीला जायचे, परत आले की पेला रिकामा. डाव्या हाताने त्या ते पाणी खिडकीतल्या तुळशीच्या डब्यात ओतत होत्या. मे महिना, भिलाईचा. ताप चढला, शुद्ध हरपायला लागली, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर भाऊजींवरच चिडले, बाईला पाणी का देत नाही म्हणून. भाऊजींनी बाहेर येऊन मला सांगितलं, नेहमीच्या आवाजात, आणि दवाखान्याचा अख्खा व्हरांडा आमच्याकडे बघायला लागला.

"वहिनी, ती पानीच पेत नव्हती. चादर ओली होऊ नये म्हनून."

मग ते आत गेले आणि खाटेपाशी वाकून म्हणाले, "कमल, तू पानी पे. चादर आता कोनाले दिसनार नाही. ते मायाकडे लागलं."

हे मी ऐकलेलं होतं, म्हणून पुढचं सगळं मला कळलं. बाकीच्यांना कळलं नाही आणि त्यांना ते सांगायचं कामही नव्हतं.

त्या सुमाराला नव्या मिलच्या उभारणीसाठी आलेली काही परदेशी कुटुंबं परत निघाली होती आणि त्यांनी घरचं सामान विकायला काढलं होतं. लोकांनी फ्रीज घेतले, गालिचे घेतले, कोणी बर्फ फोडायचे चिमटे घेतले. भाऊजी एका टेम्पोतून दोन मशिनी घेऊन आले. एक कपडे धुण्याची, पुढून गोल काचेच्या दाराची. दुसरी कपडे वाळवण्याची, तीही तशीच, आणि ती पहिलीच्या डोक्यावर बसवायची. दोन्ही उभ्या केल्या की भाऊजींच्या उंचीच्या होत होत्या. सेक्टरभर हसू झालं. भिलाईच्या उन्हात कापड दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं, तिथे वाळवायला मशीन! आमचे हे म्हणाले, "डोंगरे, दिवसभर प्लांटात भट्टी असते, ते कमी पडलं का तुम्हाला?" पोरांनी नाव ठेवलं डबल डेकर. भाऊजी सगळ्यांबरोबर हसले आणि कोणालाही कारण सांगितलं नाही. स्वतः मात्र ते त्यांना खालची आणि वरची एवढंच म्हणायचे.

आता मशीन घरात आणली की माणूस ती सरळ ठेवतो आणि प्लग लावतो. पण भाऊजी मिलचे. मिलमध्ये मशीन म्हटली की आधी फाउंडेशन. त्यांनी मागच्या व्हरांड्याची फरशी फोडली, खड्डा केला, जामुलच्या कारखान्यातून सिमेंट आणलं आणि बोटाएवढे जाड चार बोल्ट त्यात गाडले. वरचीसाठी लोखंडी अँगलची चौकट केली. मग ओली पोती टाकून त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत बसले. कमलताई रोज विचारायच्या, केव्हा चालू होते म्हणून. "क्युरिंग चालू हाये," भाऊजी सांगायचे. मला वाटतं, एवढ्या दिवसांत त्यांनी नुसत्या हाताने साऱ्या सेक्टरच्या चादरी धुतल्या असत्या.

शेवटी एका सकाळी खालची सुरू झाली. पहिली काही मिनिटं नीट गेली. मग तिने गरगर फिरून पाणी पिळायला घेतलं आणि मधली भिंत थरथरायला लागली. माझ्या मांडणीवरची ताटं एकामागून एक खाली आली. सासूबाई देवघरातून उठून बाहेर पळाल्या. मी तिकडे धावले, तर भाऊजी दोन्ही हातांनी मशीन दाबून धरून उभे आणि मशीन त्यांनाच हलवत होती.

"कुठंतरी ढिलं असन," ते ओरडले.

मशीनच्या मागे तीन लांब बोल्ट होते. ते त्यांनी आवळले. परत चालू केली. जास्त हलली. अजून आवळले. असं बरेच दिवस चाललं. मी ताटं मांडणीवरून काढून जमिनीवर ठेवायला लागले. भाऊजींचा चेहरा उतरत चालला. मिलमध्ये ज्यांच्या हाताखाली अजस्र यंत्रं सरळ चालायची, त्यांना एक धुण्याची मशीन जुमानत नव्हती. आणि चादरी परत मोरीत, परत दोरीवर. मुख्य म्हणजे कमलताईंचा पेला परत संशयास्पद लवकर रिकामा व्हायला लागला होता. भाऊजी आता तो हातात धरून, समोर बसून पाजायचे आणि त्या दोन घोट घेऊन तोंड मिटायच्या.

अशाच एका दिवशी मी तिथे होते. कमलताईंनी हाताने त्यांना बोलावलं. ते वाकले. त्यांनी जे ऐकलं ते त्यांना पटलं नाही, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हनते, तुमी आवळलं का जास्त हालते. एकदा ढिलं करून पाहा." भाऊजी सरळ झाले. "बोल्ट ढिला करून मशीन चालवू! असं असते काय?"

आणि रागाने जेवणाचा डबा घेऊन ड्यूटीला निघून गेले. पण माणूस प्रामाणिक. परत आले ते थेट मशीनच्या मागे जाऊन बसले. एक बोल्ट सैल केला. मग काढलाच. मग तिन्ही काढले. मशीन चालू केली आणि ती नुसती घुमत राहिली, माझ्या भिंतीला कळलंसुद्धा नाही. ते बोल्ट त्या परदेशी लोकांनी प्रवासात आतलं पिंप हिंदकळू नये म्हणून घातलेले होते. मशीन जागेवर बसली की ते काढून टाकायचे असतात. ज्यांचा जन्म आवळण्यात गेला, त्यांना हे कसं सुचावं? भाऊजी ते तिन्ही बोल्ट तळहातावर घेऊन माझ्या दारात आले.

"वहिनी, बोल्ट काहाडासाठी बी असते, हे मले कोनी सांगतलंच नव्हतं."

त्यांना इतकं दुखावलेलं मी कमलताईंच्या आजारपणातही बघितलं नव्हतं. मला हसू आवरेना. मग तेही हसले. त्या संध्याकाळी पहिली चादर वरचीतून कोरडी, गरम निघाली. भाऊजींनी ती कमलताईंच्या अंगावर तशीच टाकली. कमलताईंनी गाल लावून बघितला आणि पाण्याचा तांब्या मागितला.

मग कितीतरी वर्षं ती मशीन चालली. तिचे नियम होते. नळाला पाणी सकाळ-संध्याकाळच यायचं, म्हणून व्हरांड्याच्या छपरावर एक पिंप. खालची आणि वरची एकदम चालवायच्या नाहीत, नाहीतर फ्यूज उडणार. वरचीच्या जाळीत कापडाची रुई अडकते, ती दरवेळी काढायची, नाहीतर आग लागेल. वरचीची गरम हवा बाहेर टाकायला त्यांनी पत्र्याचं नळकांडं करून भिंतीतून गल्लीत काढलं होतं. थंडीत त्याच्यासमोर मांजरी येऊन बसायच्या आणि दूधवाला हात शेकायचा. म्हणजे डोंगऱ्यांकडे मशीन चालू आहे हे सगळ्या गल्लीला वासावरून कळायचं. पण दोरीवर चादर दिसायची नाही. भाऊजींना तेवढं पुरे होतं.

महिन्यातून एकदा मशीनची साफसफाई असायची आणि तिचा एक रिवाज होता. प्लांटात चालती मशीन मेंटेनन्सवाल्यांना परस्पर बंद करता येत नाही. ज्यांच्याकडे ती चालवायचं काम असतं, त्यांच्याकडून शटडाऊन मागून घ्यावा लागतो. भाऊजी वीकली ऑफच्या दिवशी हातपाय धुऊन कमलताईंच्या खाटेसमोर उभे राहायचे.

"मॅडम, शटडाऊन पायजे होता."

कमलताई विचारात पडल्यासारखं करायच्या. कधी म्हणायच्या, आज लोड जास्त आहे, उद्या या. मग द्यायच्या. भाऊजी मीटरपाशी जाऊन मशीनचा चिनी मातीचा फ्यूज काढायचे आणि तिच्या डाव्या मुठीत ठेवायचे. काम पुरं होईपर्यंत फ्यूज तिच्याकडे. भाऊजी आत रबर पुसताहेत, जाळी धुताहेत, चौकटीचे नट आवळताहेत आणि ही मूठ मिटून पडून आहे. एकदा मी मध्येच जाऊन विचारलं, मी धरू का थोडा वेळ? कमलताईंनी मूठ छातीशी ओढून घेतली. दिवसभरात तेवढाच वेळ त्या बाईच्या हातात काहीतरी होतं, असं मला वाटलं.

पण मी इथे सगळं गोड लिहीत बसले तर ते खोटं होईल. ती वर्षं दमवणारी होती. भाऊजींच्या शिफ्ट बदलायच्या, चादरी बदलायच्या नाहीत. हळूहळू पँट ढगळ झाली, पाठ आणखी वाकली. खालची फिरत असताना ते तिच्यासमोर पाटावर बसायचे, गोल काचेतून चादर फिरताना बघत. बघता बघता मान खाली यायची. मशीन थांबली की दचकून उठायचे, चादर वरचीत टाकायचे, परत बसायचे. पहिल्याच वर्षी मुलगा आला होता आणि आईला आपल्या घरी नेतो म्हणाला होता. कमलताई सुनेच्या हाती चादरी द्यायला तयार नव्हत्या आणि भाऊजी त्यांना समजवायला तयार नव्हते. कोणी मदत करू म्हटलं की भाऊजींचं ठरलेलं, "जमून राहिलं वहिनी." काही जमून राहिलेलं नव्हतं. मला त्यांचा फार राग यायचा. एक माणूस डोळ्यांसमोर झिजतो आणि आपण भिंतीच्या अलीकडे बसून मशीनचा आवाज ऐकायचा, याचा राग.

एकदा कमलताईंच्या केसांना तेल लावत होते. भाऊजी मागे व्हरांड्यात. मशीनची घरघर चालू होती. कमलताईंनी मला वाकायची खूण केली.

"मशीनपाशी बसते ते," त्या म्हणाल्या. "मायापाशी नाही बसत."

"तुमच्यासाठीच बसतात ना हो."

"हो ना," म्हणाल्या. "मंग बोलू कसं?"

मी तेल लावत राहिले. त्यांनी मागितलेलंच त्यांना मिळालं होतं, आणि ते इतकं चोख मिळालं होतं की त्यात नवराच हरवून गेला होता.

मग भाऊजी रिटायर झाले. सत्कार झाला, हार झाला, आणि क्वार्टर खाली करायची वेळ आली. क्वार्टर प्लांटचा, माणूस रिटायर झाला की सोडावाच लागतो. दुर्गला पद्मनाभपुरात भाड्याचं घर बघितलं. तळमजला, पुढे अंगण. मशिनीसाठी कोपराही बघून ठेवला. सामान बांधून झालं आणि भाऊजी छिन्नी-हातोडा घेऊन मशीन काढायला बसले.

ती निघेना. फाउंडेशन त्यांनी स्वतः केलेलं होतं, मिलच्या हिशेबाने, पन्नास वर्षं टिकेल असं. चारी बोल्टांवर गंज चढून नट एकजीव झालेले. पाना लावला तर पाना घसरला. छिन्नी मारली तर नुसती सिमेंटची पूड. दोन दिवस माझी भिंत परत पहिल्यासारखी थरथरत होती. आमचे हे मदतीला गेले, तर सांगून आले की चौकट कापायला घेतली तेव्हा खालची मशीनच बुडाशी गंजून चाळणी झालेली निघाली. उचलली तर जागेवर सुटी होईल.

मी गेले तेव्हा भाऊजी व्हरांड्यात फरशीवर बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. शेजारी हातोडा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खरंच बारीक निघाला.

"हे नाही निंगालं, तं ती पानी पेनं सोडन, वहिनी. मले आता हातानं धुवून होत नाही. दोरी बी तिथं अंगनातच, रस्त्यासमोर. आता मी काय करू?"

आमच्या पाठीमागे दाराशी कमलताईंची खाट होती. सामान हलवताना ती इकडे सरकवलेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डावा हात उचलून फळीवरच्या तांब्याकडे दाखवलं. मी पेला भरून दिला. त्यांनी तो घेतला आणि सगळा प्यायला, थांबून थांबून, अर्धा हनुवटीवरून सांडवत, पण सगळा. पेला मला परत देऊन म्हणाल्या, "अजून." दुसराही प्यायल्या. भाऊजी नुसते बघत होते.

"राहू द्या ते," कमलताई म्हणाल्या. एवढं स्पष्ट की भाऊजींना वाकावं लागलं नाही. "दोरी बांधा तिकडं."

"लोकं पाहातीन ना, कमल."

"पाहू द्या. थकली मी आता लपवून. तुमी बी थकले."

भाऊजी रडले. मोठ्याने, त्यांचा आवाजच तसा. गल्लीतली माणसं आत डोकावून गेली. मी दार लोटून घेतलं आणि कमलताईंची हनुवटी पुसली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी आरीने बोल्ट जमिनीसपाट कापले आणि दोन्ही मशिनी भंगारवाल्याच्या हातगाड्यावर गेल्या. गाडा वळेपर्यंतही भाऊजी थांबले नाहीत, त्यांना टेम्पोत खाट चढवायची होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी कोर्टाच्या कामाला दुर्गला गेले होते, तशीच पद्मनाभपुरात त्यांच्याकडे गेले. फाटक उघडंच होतं. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत कमलताईंची खाट होती आणि तिला लागून खुर्ची टाकून भाऊजी बसलेले. बसलेले म्हणजे झोपलेले. मान मागे पडलेली, तोंड उघडं, एक हात खाटेवर कमलताईंच्या डाव्या हाताखाली. केस सगळे पांढरे झालेले. पलीकडे उन्हात दोरीवर तीन चादरी, अगदी रस्त्यासमोर. बाया येत-जात होत्या, कोणी बघत होती, कोणी नाही.

मला बघून कमलताई हसल्या आणि हात सोडवायला नको म्हणून नुसत्या मानेनेच बसा म्हणाल्या. मी जवळ जाऊन वाकले.

"आत्ताच लागली झोप," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बोलून राहिले होते."

"काय बोलत होते?"

"काही बी. मिलचंच."

मी खाटेच्या कडेला टेकले. मग वारा सुटला, उन्हाळ्यातला तो धुळीचा. रस्त्यावरचा पाचोळा अंगणात येऊ लागला. कमलताईंनी सवयीने नाक वर केलं. दोरीकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं. मला वाटलं, आता त्यांना उठवणार.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "काहाडता का चादरी? त्याइले उठवू नोका."

मी उठले. पहिली चादर काढली. उन्हाने कडक झाली होती. मध्यावर एक फिकट, पिवळसर डाग होता, कितीदा तरी धुतलेला. मी तो बघितला, आणि मी बघितला हे कमलताईंनी बघितलं.

"निंगत नाही तो आता," त्या म्हणाल्या. "करा घडी."